तरंगता मुक्काम

आमचे कराडजवळचे मलकापूर हे वाटेवरचे गाव आहे. पुण्याहून बंगळुरूकडे जाणारा महामार्ग आमच्या वस्तीला छेदून जातो, ढेबेवाडी फाट्यावरची वर्दळ मध्यरात्रीही पुरती थांबत नाही, आणि पलीकडे आगाशिवाचा डोंगर, ज्याच्या कुशीत दोन सहस्रकांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत, या सर्व धावपळीकडे निश्चलपणे पाहत उभा असतो. एरवी पायी हिंडणाऱ्या भिक्षूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी स्थिर राहावे, हा जो वर्षावासाचा शिरस्ता बौद्ध संघाने घालून दिला, त्याच्याशी अशा डोंगरी विहारांचा निकटचा संबंध आहे; तेव्हा चालणे आणि थांबणे या दोन स्वतंत्र गोष्टी असून एकीवाचून दुसरीला अर्थ नाही, ही जाण आमच्या डोंगराच्या दगडातच कोरलेली आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये. त्या जाणिवेचा आधार घेऊनच आज मला एका अगदी अर्वाचीन वादाविषयी लिहावयाचे आहे: मोठ्या जहाजावरची सागरी सहल काही प्रवाशांना जिवापाड आवडते आणि काहींना मुळीच सोसत नाही, असे का व्हावे?

प्रसंग असा घडला. गेल्या हिवाळ्यात आमच्या आळीतील चार कुटुंबे मुंबईहून गोव्याला जाऊन पुन्हा मुंबईस येणाऱ्या जहाजावर तीन रात्री राहून आली, आणि त्यांत मी व माझी पत्नी दोघेही होतो. परत आल्यावर एका संध्याकाळी आम्ही सर्वजण कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर बसलो असता सहलीचा विषय निघाला, आणि एकाच जहाजावर, एकाच मजल्यावर राहून, एकाच पंक्तीचे अन्न खाऊन आलेल्या माणसांनी जणू दोन निरनिराळ्या देशांतून आल्यासारख्या परस्परविरोधी कैफियती मांडल्या. आमचे एक शेतकरी स्नेही, ज्यांनी उभे आयुष्य ऊस आणि आले पिकवण्यात घालवले, ते म्हणाले, "गोवा बघितला का म्हणून विचाराल, तर मी धक्का बघितला. तीन दिवस पाणीच बघायचं, तर आपली कृष्णामाई काय वाईट आहे?" त्यावर माझी पत्नी, जी सहसा चारचौघांत माझ्या मित्रांशी वाद घालीत नाही, ती शांतपणे म्हणाली, "भाऊजी, तुम्ही पाणी बघत होता. मी तीन दिवस काहीच बघत नव्हते. तेच मला हवं होतं."

त्या दोन वाक्यांनी मला पुष्कळ दिवस विचारात पाडले. सागरी सहलीविषयी जे वाद ऐकू येतात त्यांत एक पक्ष दुसऱ्यास रसहीन, आळशी किंवा पैशाचे प्रदर्शन मांडणारा ठरवतो, आणि दुसरा पक्ष पहिल्यास हेकेखोर, सुखाचा शत्रू आणि काळाच्या मागे राहिलेला म्हणतो. परंतु माझे स्पष्ट मत असे झाले आहे की हा वाद मुळात जहाजाविषयी नाहीच. आपण 'प्रवास' या एकाच शब्दाच्या छत्राखाली दोन सर्वस्वी भिन्न गरजा बसवल्या आहेत. एक गरज नव्या भूमीची, म्हणजे अनोळखी वाटेची, तेथील माणसांची, भाषेची आणि अन्नाची. दुसरी गरज विसाव्याची, म्हणजे नित्याच्या जबाबदाऱ्यांचा पाश काही काळ सैल होण्याची आणि आपल्या माणसांच्या सहवासाची. जहाज दुसरी गरज पुरवते, पहिली पुरवीत नाही. ते प्रवासाचे साधन दिसते खरे, परंतु वस्तुतः तो एक मुक्काम आहे, पाण्यावर तरंगणारा मुक्काम. आणि जो माणूस प्रवास मागावयास गेला त्याच्या पदरात मुक्काम पडला, तर त्याने फिर्याद करावी हे जितके स्वाभाविक, तितकेच जो मुक्काम मागावयास गेला त्याने तृप्त होऊन यावे हेही स्वाभाविक आहे.

या सहलींचा उगमही असाच आहे. हाम्बुर्गच्या जहाज कंपनीचे संचालक आल्बर्ट बालिन यांच्यापुढे अशी अडचण होती की उत्तर अटलांटिकवर हिवाळ्यात उतारू मिळत नसत आणि मोठमोठी जहाजे बंदरात निरुपयोगी पडून राहत. तेव्हा १८९१ मध्ये त्यांनी 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज भूमध्य समुद्रात केवळ हौशी उतारूंसाठी पाठवले आणि ज्यांना कोठेही पोहोचावयाचे नाही अशा माणसांसाठी जहाज चालवता येते हे सिद्ध केले. पुढे १९५० नंतरच्या दशकात जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली, कोठेतरी पोहोचण्यासाठी जहाजाची गरज उरली नाही, आणि पोहोचण्याचे काम गमावलेली जहाजे राहण्याच्या कामी लागली. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या प्रवासास निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज ३६५ मीटर लांब असून त्यावर पूर्ण भरती झाली असता ७,६०० उतारू आणि २,३५० कर्मचारी असतात. हे संख्याबळ एखाद्या बाजारगावाचे आहे. असे गाव बंदरास लागते तेव्हा प्रवासी बंदर पाहावयास उतरतात असे म्हणण्यापेक्षा एक गाव दुसऱ्या गावावर उतरते असेच म्हणणे अधिक यथार्थ होईल.

आपल्याकडे मात्र समुद्रप्रवासाची स्मृती हौसेची नाही, निकडीची आहे. रेल्वेने कोकण जोडले गेले ते १९९८ मध्ये. त्याआधी कित्येक पिढ्यांना मुंबईहून गावी जाण्याचा राजमार्ग म्हणजे आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. पुष्कळ बंदरांत ती किनाऱ्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही, आणि उतारू आपल्या वळकट्या, ट्रंका व लेकरे सांभाळीत पडावात उतरून किनारा गाठीत. पावसाळा आला की समुद्र खवळे आणि ही वाहतूक बंद पडे. 'बोट लागणे' हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग त्या काळाचा आहे, आणि बोट लागलेल्या माणसाला डेकवर लिंबू हुंगत रात्र काढावी लागे, याचे वर्णन कोकणच्या कोणत्याही वृद्धाकडून आजही ऐकावयास मिळते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना घराघरांत झालेला तो आकांत कोकणाने विसरलेला नाही. ज्याच्या घरी अशा आठवणी पिढीजात आहेत त्याला समुद्रावर मौजेसाठी जाणे रुचले नाही, तर त्यास भित्रा म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

आणि स्मृतीची ही गोष्ट केवळ समुद्राची नाही, ती आमच्या साताऱ्याच्या पाण्याचीही आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात तापोळा आणि बामणोली येथून आज पर्यटक होडीत बसतात, कोणी वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी उतरतात, कोणी केवळ निळ्या पाण्यावर तासभर हिंडून परततात, आणि सुटीच्या दिवसांत तेथे गर्दीस पार राहत नाही. परंतु त्याच पाण्यावर पलीकडच्या काठच्या गावांची माणसे आजारी माणसाला दवाखान्यात नेण्यासाठी आणि बाजारहाटासाठी लाँचने ये-जा करतात. आणि त्याच पाण्याखाली १९६० च्या सुमारास उठवलेली गावे, त्यांची देवळे, त्यांची शेते आणि त्यांच्या वाटा झोपलेल्या आहेत. धरणग्रस्तांचे पुनर्वसन सातारा, सांगली, रायगड, ठाणे, सोलापूर अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत झाले. माझ्या परिचयाचे असे एक वृद्ध गृहस्थ आहेत, ज्यांना त्यांच्या नातवंडांनी मोठ्या हौसेने तापोळ्यास नेले असता ते होडीत चढलेच नाहीत, काठावर बसून राहिले आणि पाण्याकडे बोट दाखवून एवढेच म्हणाले, "आमचं अंगण त्या तिथं आहे." एकाच पाण्यावर नातवंडांना आनंद झाला आणि आजोबांना झाला नाही, यात चूक कोणाचीच नव्हती. आवडनिवड ही केवळ रसिकतेचा प्रश्न असते असे आपण समजतो, परंतु पुष्कळदा ती माणसाच्या पूर्वायुष्याचा जमाखर्च असते.

आता ज्यांना सागरी सहल आवडते त्यांची बाजू मी प्रथम मांडतो, कारण शिकल्यासवरलेल्या मंडळींत तिची उपेक्षा अधिक होते. आमच्या भागातील सामान्य कुटुंबाने सुटी म्हणून काय पाहिले? कामासाठी परगावी गेलेली माणसे, मग ती मुंबईत ओझी वाहणारे माथाडी असोत की विटे-खानापूरकडून देशभर पांगलेले सोन्याचांदीचे गलाई कारागीर असोत, गावच्या यात्रेला परत येत. पालीच्या खंडोबाला, शिखर शिंगणापूरला किंवा पंढरीच्या वारीला जाणे हीच सुटी आणि हाच प्रवास. या प्रत्येक ठिकाणी पुरुषांना काही मोकळीक मिळे. स्त्रियांची चूल मात्र त्यांच्याबरोबर प्रवास करी. यात्रेला पुरणाचा स्वयंपाक कोणी केला, वारीत भाकरी कोणी थापल्या, आणि नंतरच्या काळात अष्टविनायकाच्या गाडीत दशम्यांचा डबा कोणी भरला, हा प्रश्न एकदा विचारून पाहावा. चाळीस वर्षे जिने पहाटे पाचला उठून गॅस पेटवला, त्या माझ्या पत्नीला जहाजावरच्या दुसऱ्या सकाळी जागे होताच सवयीने "अहो, दूध घेतलं का?" असे विचारावेसे वाटले, आणि मग दूध घ्यावयाचे नाही, कोणी दार वाजवणार नाही, आज दिवसभर आपल्याकडे कोणाचेही काही मागणे नाही, हे जेव्हा तिच्या ध्यानात आले, तेव्हा ती खिडकीपाशी जाऊन बराच वेळ स्तब्ध बसली. त्या क्षणी तिच्या मुद्रेवर जी शांती मला दिसली, ती कोणत्याही तीर्थक्षेत्री मी पाहिली नव्हती. अशा माणसाला "तू गोवा पाहिलास का?" असे विचारणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

दुसरे कारण वार्धक्याचे आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज नवे हॉटेल, रोज सामानाची बांधाबांध, रोज बसच्या उंच पायऱ्या हा छळ असतो. जहाजावर एकदा पेटी उघडून ठेवली की ती शेवटच्या दिवशीच बंद करावयाची, लिफ्टने वर जावयाचे, आणि समुद्र आपणहून समोरून सरकत राहावयाचा. तिसरे कारण सहवासाचे. आजोबा, मुलगा, सून आणि नातू यांना एकत्र घेऊन निघालेल्या सहलीत प्रत्येकाची हौस निराळी असल्यामुळे रोज कोणीतरी रुसते, परंतु जहाजावर नातू पाण्यात डुंबतो, सून नाट्यप्रयोगास जाते, आजोबा डेकवर वर्तमानपत्र वाचतात आणि रात्री सर्वजण एका मेजाभोवती भेटतात. आपली एकत्र कुटुंबे ज्या काळात मोडली, चार भावंडे चार शहरांत पांगली, त्या काळात तीन दिवस एका छपराखाली सर्वांना आणणारी कोणतीही गोष्ट तुच्छ मानता येत नाही. चौथे कारण हिशेबाचे: बहुतांश खर्च आधीच भरलेला असल्यामुळे मध्यमवर्गीय माणूस प्रत्येक ताटाचा दर मनात मोजत बसत नाही, आणि त्या मोजणीतून सुटका हीसुद्धा आपल्यासारख्यांना दुर्मीळ असलेली चैन आहे.

परंतु ज्यांना सागरी सहल आवडत नाही त्यांच्या मनोवृत्तीसही तितकेच भारदस्त अधिष्ठान आहे, आणि मी स्वतः त्या पक्षाचा असल्याने ते मला अधिक जवळून ठाऊक आहे. आमच्याच साताऱ्यात १८८५ साली जन्मलेले काका कालेलकर १९१२ मध्ये हिमालयात पायी हिंडले आणि पुढे भारताच्या नद्यांना लोकमाता मानून त्यांच्याविषयी लिहीत राहिले. ज्या परंपरेने त्यांना घडवले तिच्या दृष्टीने वाटेत होणारा उशीर, चुकलेला फाटा, अनोळखी ओसरीवर मिळालेला पाण्याचा तांब्या आणि एस. टी.च्या बाकावर शेजारी बसलेल्या माणसाने सांगितलेली त्याच्या घरची हकीकत ही प्रवासातील विघ्ने नसून तोच प्रवास होय. जहाजावर हे काहीही घडत नाही आणि घडू नये असा चोख बंदोबस्त असतो. भेटतात ती आपल्याचसारखी, आपल्याच गावांतून आलेली माणसे. मिळते ते आपल्याच जिभेला रुचणारे अन्न. आणि बंदरास लागल्यावर हाती असतात ते मोजके तास, ज्यांत चर्च, किनारा आणि बाजार यांपैकी एकाची निवड करावयाची. ज्याला भूमीची तहान आहे त्याला भूमी केवळ दुरून दाखवून परत नेणे हे त्याच्या लेखी पाण्याचा घडा दाखवून ओंजळ रिकामी ठेवण्यासारखे असते.

त्याखेरीज शरीराचाही एक कौल असतो. डोळे सांगतात की आपण खोलीत स्थिर बसलो आहोत, आणि कानाच्या आतील समतोलाचे इंद्रिय सांगते की आपण हेलकावत आहोत. या दोन साक्षींत तफावत पडली की मेंदू गोंधळतो, पोटात ढवळते आणि बोट लागते. आधुनिक जहाजांना दोन्ही बाजूंस पाण्याखाली पंख बसवून हेलकावे पुष्कळ कमी केलेले असतात, जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर खोली घेतली आणि डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत राहिले तर त्रास उणावतो. तरी काही शरीरे समुद्राशी तह करीतच नाहीत. आणि काही मनेही. चहूंकडे पाणी, उतरावयाची मुभा नाही, आणि हजारो माणसांचा अखंड कल्लोळ, या तिहींच्या संयोगात ज्याचा जीव गुदमरतो, त्यास एकांतप्रिय म्हणावे, तक्रारखोर म्हणू नये. २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज करोनाच्या साथीमुळे अडकून पडले, त्यावरील ३,७११ माणसांपैकी सातशेंहून अधिकांना लागण झाली, आणि ज्या खोल्या विसाव्यासाठी घेतल्या होत्या त्याच कोठड्या झाल्या. तेव्हापासून या गुदमरण्याला एक वास्तव आधारही मिळाला आहे.

येथे एका आक्षेपाचा निकाल लावणे अवश्य आहे. जे जहाज निघाले त्याच धक्क्यावर परत येते त्याच्या फेरीला अर्थ काय, असे आमचे शेतकरी स्नेही विचारतात. परंतु आपल्या संस्कृतीत निघाल्या जागी परत येणाऱ्या वाटेला अप्रतिष्ठा नाही. देवळातील प्रदक्षिणा तशीच असते, आणि नर्मदेची परिक्रमा करणारा माणूस हजारो किलोमीटर चालून जेथून निघाला तेथेच पोहोचतो. तेव्हा परत येणे हा दोष नव्हे. प्रश्न इतकाच आहे की मध्ये काय घडले. परिक्रमावासी काठाकाठाने अन्न मागत जातो आणि काठावरच्या माणसांचा ऋणी होऊन परततो. जहाजावरचा उतारू किनाऱ्याचा ऋणी होतो की नाही, आणि झाला तर ते ऋण फेडतो की नाही, या प्रश्नापाशी आवडनिवडीचे क्षेत्र संपते आणि कर्तव्याचे क्षेत्र सुरू होते.

ही ऋणे तीन आहेत. पहिले ऋण राबणाऱ्यांचे. आमच्या तालुक्यातील हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पुरा केलेला एक तरुण परदेशी जहाजावर नोकरीस आहे; तो नऊ महिन्यांच्या कराराने जातो, आणि त्याच्या पाठवलेल्या पैशांतून घराचा स्लॅब पडला, बहिणीचे शिक्षण झाले. गोव्यात तर तारवटी, म्हणजे जहाजावर चाकरी करणारा माणूस, ही पिढ्यान्पिढ्यांची ओळख आहे. जगातील सागरी कामगारांच्या २००६ च्या करारनाम्यानुसार अशा कर्मचाऱ्यास दिवसाच्या चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. भारतानेही तो करार २०१५ मध्ये मान्य केला. याचा व्यवहारातील अर्थ असा की चौदा तासांचा दिवस हा तेथे नियमबाह्य ठरत नाही. ज्या विसाव्याचे मी वर गुणगान केले, तो कोणाच्या तरी विसाव्यातून कापून घेतलेला असतो. माझ्या पत्नीला चाळीस वर्षांनी जे तीन दिवस मिळाले ते एखाद्या दुसऱ्या आईच्या मुलाने चौदा तास उभे राहून तिला दिले, हे विसरून चालणार नाही, आणि ती स्वतः ते विसरलेली नाही.

दुसरे ऋण समुद्राचे. जहाज हे गाव असेल तर त्याचे सांडपाणीही गावाएवढेच असणार. आंतरराष्ट्रीय नियमांनी मान्यताप्राप्त पद्धतीने दळून व जंतुरहित केलेले मलजल किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे, आणि काहीही प्रक्रिया न केलेले मलजल बारा सागरी मैलांपलीकडे सोडण्याची मुभा ठेवली आहे. इंधनातील गंधकाचे प्रमाण २०२० च्या आरंभापासून अर्ध्या टक्क्यावर आणले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारी 'आंग्रिया बँक' हे प्रवाळांचे विस्तीर्ण, पाण्याखालचे पठार आहे, आणि त्याच नावाचे जहाज २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाले होते. जहाजाला प्रवाळांचे नाव देणे सोपे असते. प्रवाळांना जहाजांपासून राखणे हे राज्यकर्त्यांचे आणि उतारूंचे काम आहे.

तिसरे ऋण बंदरगावाचे. इटलीच्या सरकारने २०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना व्हेनिस शहराच्या मध्यवर्ती कालव्यातून जाण्यास बंदी घातली. ग्रीसच्या सांतोरिनी बेटाने २०२५ पासून दिवसाला ८,००० सागरी उतारूंची मर्यादा ठरवली आणि ग्रीक सरकारने तेथे ऐन हंगामात उतरणाऱ्या प्रत्येकामागे २० युरो कर बसवला. ही गावे पाहुण्यांचा द्वेष करतात असे नाही. जो पाहुणा जहाजावरच जेवतो, जहाजावरच झोपतो आणि केवळ गल्ल्या भरून टाकण्यास उतरतो, त्याचा भार गावावर आणि लाभ इतरत्र, ही विषम वाटणी त्यांना मान्य नाही, इतकेच. आपल्या सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी 'क्रूझ भारत' मोहीम सुरू करून पाच वर्षांत सागरी पर्यटकांची संख्या दुप्पट करण्याचे ध्येय ठेवले आहे. ध्येयास माझा विरोध नाही. परंतु रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले यांसारख्या गावांच्या किनाऱ्यावर हजारो माणसांचे गाव उतरवण्यापूर्वी त्या गावांच्या पाण्याची, कचऱ्याची, मासळी बाजाराची आणि मच्छीमारांच्या होड्या नांगरण्याच्या जागेची रुजवात व्हावयास हवी. ती नंतर करू म्हणणे म्हणजे कधीच न करणे.

या बाबतीत मलकापूरने शिकवलेला एक धडा मी मोठ्या अभिमानाने पुढे ठेवतो. आमच्या गावाने नळाला चोवीस तास पाणी आणले, आणि त्याची वाखाणणी महाराष्ट्राबाहेरही झाली; परंतु ते पाणी मुक्तहस्ते वाटून आणलेले नव्हे, प्रत्येक जोडणीवर मीटर बसवून, जो अधिक वापरील त्याने अधिक दराने भरावे असा नियम करून आणलेले आहे. मोजले म्हणून पुरले, हा आमचा अनुभव आहे. मोजणी ही कृपणता नव्हे. ज्या गोष्टीवर अनेकांचा हक्क आहे तिच्या रक्षणाचा तो एकमेव प्रामाणिक मार्ग आहे. सागरी सहलीलाही तसाच मीटर हवा. एका दिवशी किती उतारू एका बंदरात उतरतील याची कमाल मर्यादा जहाज येण्यापूर्वी ठरावी. प्रत्येक उतारूमागे काही रक्कम थेट त्या गावाच्या नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या तिजोरीत जमा व्हावी, आणि तिचा तपशील गावाच्या फलकावर लागावा. आणि आपल्या किनाऱ्यालगत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची तपासणी सरकारी दप्तरात नोंदली जावी व ती कोणालाही पाहता यावी. या तीन गोष्टी झाल्या, तर ज्यांना जहाज आवडते त्यांचे सुख निष्कलंक होईल आणि ज्यांना आवडत नाही त्यांची एक मोठी तक्रार मिटेल.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. सहलीची रक्कम भरण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला, आणि विशेषतः ज्यांना आपण कधी विचारीत नाही त्यांना, हा प्रश्न विचारा: तुम्हाला वाट हवी आहे की विसावा? विसावा हवा असेल तर जहाजावर निःशंक मनाने जा, आपल्या खोलीची झाडलोट करणाऱ्याला त्याचे नाव आणि गाव विचारा, आणि परतताना कोणी "काय पाहिले?" म्हणून हिणवले तर खाली मान घालू नका. वाट हवी असेल तर कराडहून चिपळूणची एस. टी. धरा, कुंभार्लीचा घाट उतरा आणि जेथे समुद्र दिसेल तेथे दोन दिवस राहा. आम्ही दोघांनी तसेच ठरवले आहे: येत्या माघात ती तिच्या बहिणींबरोबर पुन्हा जहाजावर जाणार आहे, मी त्या चार दिवसांत गुहागरला जाणार आहे, आणि परतल्यावर प्रीतिसंगमावर बसून दोघांनी एकमेकांना आपापली हकीकत सांगावयाची आहे.